दाताला आधार कशाचा?

‘कवळी’ हा शब्द एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. ‘क’ घशाजवळून निघतो. ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेकडे जातो. ‘ळ’साठी जिभेचं टोक मागे वळतं आणि टाळूला लागतं. तीन अक्षरांपैकी दोन अक्षरं नेमकी कवळी बसते त्याच जागी घडतात. त्यामुळे नवी कवळी घालून घरी आलेल्या माणसाची जीभ पहिले काही दिवस या शब्दालाच अडखळते. मराठीत ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा. चमच्यातल्या च-ला जीभ पुढच्या दातांमागे टेकावी लागते. तिथे दातच नसेल, तर अक्षराऐवजी नुसती हवा बाहेर पडते.

दात गेल्याचं पहिलं दुःख खाण्याचं असतं, हे खरं. भाकरी दुधात कुस्करावी लागते, पेरू किसून घ्यावा लागतो, पान खायची सवय असेल तर विडा छोट्या खलबत्त्यात कुटावा लागतो. पण बोलणं बदलतं, गाल आत जातात, नाक आणि हनुवटी जवळ येतात, तोंडाचं बोळकं होतं. मग माणूस लग्नकार्यात फोटोच्या वेळी मागच्या रांगेत उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार जगातल्या साठी ओलांडलेल्या माणसांपैकी सुमारे 23 टक्क्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही.

‘चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण नशिबाला बोल लावायला वापरतो. आता चणे असलेल्याला दातही मिळतात. अडचण येते ती निवडीची. दवाखान्यात गेलं की फिक्स दात, काढता-घालता येणारे दात, कॅप, ब्रिज, फ्लेक्सिबल, इम्प्लांट अशी नावं कानावर येतात आणि प्रत्येकासमोर वेगळा आकडा असतो. बहुतेक जण आकडा बघून ठरवतात. त्याआधी एक साधा प्रश्न विचारला, तर सगळी यादी आपोआप लागते: हा नवा दात उभा कशावर राहणार आहे? उत्तरं तीनच आहेत. हिरडीवर, शेजारच्या दातावर, नाहीतर हाडावर.

दात आहे तोवर हाड

आधाराला इतकं महत्त्व का, ते कळायला नैसर्गिक दात कसा उभा असतो ते पाहू. दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाडातली खोबण यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. बाजेवर सुंभ विणलेला असावा, तसे हे तंतू दाताला खोबणीत तोलून धरतात. आपण घास चावतो तेव्हा दात खाली दाबला जातो, तंतू ताणले जातात आणि भोवतीच्या हाडाला ओढ बसते. ही रोजची ओढ हाडाला जिवंत ठेवते. दात काढला की तंतू गेले, ओढ गेली. ज्या कामासाठी ते हाड वाढलं होतं ते कामच उरलं नाही, म्हणून शरीर ते हळूहळू परत घेतं.

ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगानं होते. पुढे मंदावते, पण थांबत नाही. आंतये टालग्रेन या संशोधिकेनं कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांची मापं पंचवीस वर्षं घेतली आणि 1972 साली निष्कर्ष मांडला. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातलं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजलेलं होतं. ‘वरची कवळी छान बसते, खालचीच नाचते’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचं एक कारण इथे आहे.

दुसरं कारण क्षेत्रफळाचं. एका जबड्यातल्या सगळ्या दातांच्या मुळांभोवतीचे तंतू एकत्र मोजले तर आधाराची जागा सुमारे 45 चौरस सेंटिमीटर भरते. वरच्या कवळीला टाळूसकट सुमारे 23 चौरस सेंटिमीटर मिळतात. खालच्या कवळीला जिभेसाठी मधली जागा सोडावी लागते, त्यामुळे तिच्या वाट्याला येतात जेमतेम 12. तेही मऊ, ओल्या कातडीवर. या कातडीचं काम हाडाला पांघरूण घालण्याचं. तिच्यावर चावायची वेळ यावी, अशी तिची घडणच नाही.

स्प्रिंग, रबर आणि एक खून

हिरडीवर दात टिकवून धरायचे कसे, या प्रश्नानं माणसाला शेकडो वर्षं छळलं. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1789मध्ये शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती, ही दंतकथा आहे. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याच्या सुळ्याचं हस्तिदंत होतं, माणसांचे दात होते, शिसं होतं. वरचा आणि खालचा भाग जागेवर राहावा म्हणून मध्ये धातूच्या स्प्रिंगा होत्या. तोंड मिटायचं तर स्प्रिंगशी झगडून मिटायचं.

लाकडी कवळ्या खरोखर होत्या त्या जपानात. वाकायामा इथल्या एका बौद्ध भिक्षुणीची बॉक्सवुडच्या लाकडातून कोरलेली वरची कवळी आजही जतन केलेली आहे. ती भिक्षुणी 1538 साली वारली. ही कवळी टाळूच्या आकाराशी इतकी जुळवून कोरलेली होती, की स्प्रिंगेशिवाय चिकटून राही. आज आपण ज्या तत्त्वावर वरची कवळी बसवतो, तेच हे तत्त्व.

युरोपात दात कुठून आणत, हे वाचताना अंगावर काटा येतो. 1815च्या वॉटर्लूच्या लढाईत मेलेल्या तरुण सैनिकांचे दात काढून विकले गेले, आणि माणसाच्या खऱ्या दातांच्या कवळ्यांना पुढे कित्येक वर्षं ‘वॉटर्लूचे दात’ हेच नाव चिकटलं. चिनी मातीचे दात आले तशी ही गरज ओसरली. पण कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती रबरामुळे. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून रबर टिकाऊ केलं, त्यांच्या भावानं त्याचं कडक रूप बनवलं. हे कडक रबर साच्यात दाबून तोंडाच्या मापाबरहुकूम घडवता येई. मग पेटंट घेतलेल्या कंपनीनं दंतवैद्यांकडून परवाना-शुल्क मागायला सुरुवात केली आणि न देणाऱ्यांवर खटल्यांचा सपाटा लावला. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांचा 1879मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चॅल्फंट या वैतागलेल्या दंतवैद्यानं गोळी घालून खून केला. कवळीच्या इतिहासात एवढा रक्तपात असेल, असं वाटत नाही.

1930च्या दशकात अॅक्रिलिक आलं. हिरडीसारखा गुलाबी रंग देता येणारं, हलकं, दुरुस्त करता येणारं हे प्लॅस्टिक आजही बहुतेक कवळ्यांचा पाया आहे.

पहिला आधार: हिरडी

धुतलेली दोन ओली ताटं एकावर एक ठेवली की सुटता सुटत नाहीत, हा अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरात येतो. वरची कवळी त्याच युक्तीनं टिकते. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कडा चहूबाजूंनी बंद असतात, त्यामुळे हवा आत शिरत नाही. म्हणून कवळीत सगळा खेळ मापाचा असतो. लाळ कमी झाली, तर उत्तम मापाची कवळीही सुटते. वाढत्या वयात घेतल्या जाणाऱ्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. कवळी अचानक सैल वाटू लागली तर डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवावी.

पूर्ण कवळीसाठी सहसा पाच-सहा फेऱ्या होतात, आणि त्या उगाच नसतात. पहिल्यांदा ढोबळ माप. त्यावरून त्या तोंडापुरता खास ट्रे बनतो आणि त्यानं दुसरं, बारीक माप घेतात. यावेळी डॉक्टर ओठ हलवायला, गाल ओढायला, जीभ बाहेर काढायला लावतात, कारण कवळीच्या कडा स्नायूंच्या हालचालीत कुठे थांबाव्यात हे त्यातून ठरतं. तिसऱ्या फेरीत मेणाच्या कडा बसवून दोन जबड्यांमधलं अंतर ठरतं. ते जास्त ठेवलं तर बोलताना दात खटखट वाजतात. कमी ठेवलं तर चेहरा म्हातारा दिसतो आणि तोंडाचे कोपरे चिरतात. चौथ्या फेरीत दात मेणात लावून दाखवतात. ही फेरी तुमची आहे. घरचं माणूस सोबत न्यावं, उजेडात आरसा घ्यावा, ‘सहासष्ट, सदुसष्ट’ मोजून पाहावं. दातांचा रंग, लांबी, ठेवण यांतलं काहीही इथे बदलता येतं. मेण वितळवून त्या जागी अॅक्रिलिक भरलं, की सांगून उपयोग नाही. जुना, हसरा फोटो असेल तर तोही न्यावा; तुमचा पुढचा एखादा दात जरा तिरपा होता, हे त्यातून कळतं. एकसारखी पांढरीशुभ्र रांग लांबूनच खोटी दिसते.

गुटखा आणि सुपारीनं ज्यांचं तोंड आखडलं आहे, त्यांच्या बाबतीत माप घेण्याचा ट्रेच आत जात नाही. अशांची कवळी कधी दोन तुकड्यांत बनवावी लागते.

नवी कवळी आली म्हणजे लगेच चकली फोडता येते, असं नाही. पूर्ण कवळीनं चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढाच असतो. पहिले काही दिवस वरणभात, उपमा, मऊ पोळी. घास छोटा, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावायचा. एका बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडायला गेलात, तर मागून कवळी सुटलीच म्हणून समजा. बोलण्यासाठी पेपर मोठ्यानं वाचावा. जीभ पंधरा दिवसांत वाट शोधते. कुठे टोचलं तर घरी कानशीनं घासू नये. डॉक्टर दोन मिनिटांत नेमकी जागा घासून देतात.

दुसरा आधार: शेजारी

काही दात गेलेत आणि काही शाबूत आहेत, तेव्हा शेजारच्या दातांना कामाला लावता येतं. यातही पायऱ्या आहेत.

सर्वांत स्वस्त म्हणजे अॅक्रिलिकची अर्धी कवळी. तारेच्या आकड्यांनी ती दाताला पकडते, पण चावण्याचा भार मुख्यतः हिरडीवरच पडतो. तात्पुरती म्हणून ठीक. वर्षानुवर्षं वापरली तर कडेची हिरडी दबते आणि ज्या दातांना आकडे धरतात ते हलू लागतात.

फ्लेक्सिबल म्हणून मिळणारी अर्धी कवळी नायलॉनच्या जातीच्या लवचीक पदार्थाची असते. तार दिसत नाही, टोचत नाही, म्हणून ती लोकांना आवडते. पण लवणारी वस्तू भार वाटून देत नाही. तो हिरडीवरच येतो. शिवाय तिची दुरुस्ती किंवा नवं अस्तर लावणं कठीण.

कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव सांगाड्याची अर्धी कवळी महाग असते, दिसायला धातूची असते, आणि अनेकदा तीच जास्त शहाणपणाची असते. तिच्या छोट्या टेकणी दातांच्या माथ्यावर बसतात, त्यामुळे भार दातांच्या मुळांतून हाडात जातो आणि हिरडी सुटते. सांगाडा पातळ असल्यानं जिभेलाही जागा राहते.

ब्रिज म्हणजे पूल, आणि पुलाला दोन काठ लागतात. मधला दात गेला असेल तर दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप घालतात आणि मधला खोटा दात त्या दोघांना जोडतात. काढ-घाल नाही, चावणं जवळजवळ नेहमीसारखं. किंमत शेजारी मोजतात: त्यांचं निरोगी आवरण घासलं जातं ते परत येत नाही, आणि पुलाखाली खास ब्रशनं किंवा दोऱ्यानं रोज सफाई केली नाही तर तेच किडतात. शेजारच्या दातांवर आधीच मोठं सिमेंट किंवा कॅप असेल, तर ब्रिज उत्तम. ते दात कोरे, धडधाकट असतील, तर दोनदा विचार करावा. पुढच्या एखाद्या दातासाठी मागच्या बाजूनं पंख चिकटवलेला मेरीलँड ब्रिज 1980च्या दशकापासून वापरात आहे. त्यात शेजाऱ्यांना फारसं घासावं लागत नाही.

इथे एक सावधगिरी. काही गावांत आणि बाजारात तासाभरात ‘फिक्स दात’ बसवून देणारे भेटतात. ते पटकन घट्ट होणारं अॅक्रिलिक सरळ हिरडीवर आणि शेजारच्या दातांवर लिंपतात, आत तार गुंडाळतात. त्याखाली अन्न कुजतं, हिरडी सडते, आणि एका दाताच्या मोबदल्यात तीन जातात. नोंदणी नसलेल्यानं दातांचा व्यवसाय करणं 1948च्या दंतवैद्य कायद्यानं गुन्हा आहे. पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात कवळ्या होतात. वेळ लागतो, पण शिकणाऱ्यांच्या कामावर शिक्षकांची नजर असते. 2017मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या जोडीला कवळीही आहे.

तिसरा आधार: हाड

1952च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क हे स्वीडिश संशोधक सशाच्या पायातल्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्तपुरवठ्याचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिला घट्ट चिकटून वाढलं होतं. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर असतो आणि शरीर त्याला परकं मानत नाही. 1965 साली ब्रॉनेमार्क यांनी योस्ता लार्सन यांच्या बिनदाताच्या खालच्या जबड्यात असे चार टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवले. लार्सन 2006 साली वारले, तोवर म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं त्यांवरचे दात काम देत होते. आज दहा वर्षांनंतरही दहातले नऊहून अधिक इम्प्लांट टिकलेले आढळतात.

हाडात इम्प्लांट पक्का व्हायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्यात त्याहून जास्त काळ जातो, कारण वरचं हाड भुसभुशीत असतं. तिथे दाढांच्या वर सायनसची पोकळीही असते, त्यामुळे कधी आधी हाड भरावं लागतं. मधुमेह आटोक्यात असेल तर इम्प्लांट होतो. नसेल तर आधी साखर. तंबाखू आणि विडी-सिगारेट चालू असेल तर अपयशाचा धोका वाढतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतील तर ते आठवणीनं सांगावं, दात काढण्याआधीसुद्धा.

प्रत्येक गेलेल्या दातामागे एक इम्प्लांट लागतो, हा गैरसमज आहे. 2002मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मत दिलं, की बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर बटणासारखी बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा. पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट, त्यांवर कवळी ‘टक्’ करून बसते आणि रात्री काढताही येते. नाचणाऱ्या खालच्या कवळीनं त्रासलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा इतक्या माफक खर्चात मिळत नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे चार इम्प्लांटवर कायमची बसवलेली पूर्ण रांग. पोर्तुगालमधले दंतवैद्य पाउलो मालो यांनी ही पद्धत रूढ केली. मागचे दोन इम्प्लांट तिरपे घालतात, त्यामुळे कमी हाडातही लांब स्क्रू बसतो.

इम्प्लांट किडत नाही, पण त्याभोवतीची हिरडी सुजते आणि हाड जातं. त्याला नैसर्गिक दाताएवढीच सफाई लागते.

रात्री पाण्यात

कवळी कुठलीही असो, रात्री काढून ठेवावी. हिरडीलाही मोकळीक हवी. कायम घालून झोपणाऱ्यांच्या टाळूवर बुरशी वाढते आणि तो लालभडक होतो. काढलेली कवळी साध्या पाण्यात बुडवून ठेवावी, कोरडी पडली की आकार बदलतो. गरम पाण्यानं ती वाकते. टूथपेस्टमधल्या खरखरीत कणांनी ओरखडे पडतात आणि त्यात घाण साठते; मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. धुताना खाली पाण्यानं भरलेलं भांडं ठेवावं. बहुतेक कवळ्या खाताना तुटत नाहीत, हातातून बेसिनमध्ये पडून तुटतात. हाड झिजत राहतं, म्हणून काही वर्षांनी कवळीला आतून नवं अस्तर किंवा नवी कवळी लागतेच. आणि तोंडातलं एखादं व्रण दोन आठवड्यांत भरलं नाही, तर ते कवळीचं टोचणं आहे असं स्वतःच ठरवू नये. तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

शेवटी, जे दात अजून तोंडात आहेत त्यांच्याबद्दल. ‘हे दोन-तीनच उरलेत, तेही काढून टाका, एकदाची पूर्ण कवळी करू,’ असं म्हणणारे पेशंट रोज भेटतात. बहुधा ते दोन सुळे असतात, कारण सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं. त्या मुळांत रूट कॅनाल करून, वरचा भाग हिरडीच्या पातळीला कापून त्यांवर कवळी बसवता येते. मूळ राहिलं की तंतू राहतात, तंतू राहिले की हाड राहतं, आणि घास मऊ की कडक हे जबड्याला कळत राहतं. म्हणून शेवटचे दात काढायला खुर्चीत बसाल, तेव्हा सुई टोचण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: याचं मूळ ठेवता येईल का?